परदेशात एटीएम पैसे देत नाही, कार्ड डिक्लाइन होतं: आधी काय बघायचं

सुट्ट्यांचा सीझन आला की हा प्रश्न येतोच. कधी बँकॉकहून, कधी पॅरिसहून, कधी न्यूजर्सीत मुलाकडे गेलेल्या आईवडिलांकडून, आणि येतो तो एकाच वाक्यात: "कार्ड चालत नाहीये, खात्यात पैसे आहेत, काय करू?" आता एवढ्यावरून कुणी काही सांगू शकत नाही, कारण कार्ड न चालायची दहाबारा तरी कारणं आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. पण एक गोष्ट विचारली की निम्मा गुंता सुटतो. बँकेचा मेसेज आला का?

हे का विचारायचं ते सांगतो. तुम्ही कार्ड घातलं, पिन दाबला, रक्कम टाकली की ती मागणी तिथल्या बँकेकडून व्हिसा, मास्टरकार्ड नाहीतर रुपेच्या नेटवर्कवरून तुमच्या भारतातल्या बँकेकडे येते, द्यायचे की नाही हे तुमची बँक ठरवते आणि उत्तर त्याच वाटेने परत जातं, सगळं काही सेकंदांत. म्हणजे बँकॉकचं मशीन नाही म्हणतं तेव्हा बहुतेक वेळा ते फक्त निरोप देत असतं, नाही म्हटलेलं असतं तुमच्याच बँकेने. बऱ्याच बँका अशा वेळी "व्यवहार नाकारला" असा एसएमएस किंवा ॲपवर नोटिफिकेशन पाठवतात. तो आला असेल तर मशीन बदलून काही उपयोग नाही, तेच उत्तर मिळणार, गडबड इकडे आहे आणि ती फोनवरूनच सुटेल. काहीच आलं नसेल तर मागणी भारतापर्यंत पोचलेलीच नसण्याची शक्यता जास्त, मग मशीन बदला.

आणि काहीही झालं तरी त्याच मशीनवर चिडून परत परत पिन मारू नका. सलग तीन वेळा चुकला की बहुतेक बँका पिन लॉक करतात, मग आगीतून फुफाट्यात.

मेसेज आलाय आणि तो नाही म्हणतोय

सगळ्यात जास्त वेळा निघतं ते हे: कार्डाचा परदेशी वापर बंदच असतो. २०२० साली रिझर्व्ह बँकेने नियम केला की नवीन कार्ड देताना ते फक्त भारतातल्या एटीएम आणि दुकानांपुरतं चालू ठेवायचं, परदेशी वापर, ऑनलाइन आणि टॅप करून पैसे देणं हे ग्राहकाने स्वतः चालू करायचं, आणि ज्या जुन्या कार्डांवर हे कधी वापरलंच गेलं नव्हतं त्यांच्यावरही ते बंद करायचं. म्हणून "अहो पण मी आठ वर्षं हेच कार्ड वापरतोय" याला काही अर्थ नाही. ॲपमध्ये कार्ड, मग कार्ड कंट्रोल किंवा मॅनेज कार्ड असं काहीतरी असतं, तिथे इंटरनॅशनल चालू करा. पण इथे एक गोम आहे, बऱ्याच ॲपमध्ये इंटरनॅशनलच्या खाली परत एटीएम, दुकान, ऑनलाइन आणि टॅप अशी वेगवेगळी बटणं असतात, वरचं चालू आणि आतलं एटीएमचं बंद असं असलं की हॉटेलात कार्ड चालतं आणि एटीएमवर नाही, आणि माणूस एटीएमला शिव्या घालत बसतो. काही बँका तारखाही विचारतात, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, ट्रिप दोन दिवसांनी वाढली की कार्ड गपकन बंद. तेही बघा.

दुसरं लिमिट. परदेशातल्या एटीएमचं लिमिट वेगळं असतं, रुपयांत असतं, आणि कधीकधी शून्यावर किंवा अगदी कमी ठेवलेलं असतं. हिशोब करताना लोक फक्त काढायची रक्कम धरतात. आमच्या ओळखीतल्या एका काकांचं बँकॉकला असंच झालं. त्यांचं रोजचं लिमिट २५,००० रुपये, मशीनवर टाकले १०,००० बाथ. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर एटीएमवाली बँक दर वेळी २२० बाथ घेते, काही ठिकाणी त्याहूनही जास्त, म्हणजे मागणी आली १०,२२० बाथची. बाथला पावणेतीन रुपये धरले तर झाले २८,१०५, वर मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या व्यवहारावर आपली बँक टक्क्यांत लावते तो चार्ज, वेगळा. नाही म्हटलं मशीनने. काकू व्हॉट्सॲपवर, मागे रांग, काका म्हणतायत खात्यात दोन लाख आहेत अरे. म्हटलं काका, ८,००० टाकून बघा. ८,२२० बाथचे साधारण २२,६०० रुपये, मार्कअप धरूनही पंचवीसच्या आत. निघाले, काकूंचा जीव भांड्यात पडला. खरं तर ॲपमधून लिमिट वाढवणं जास्त बरं, कारण ती २२० बाथची फी किती काढता यावर नसते, दर वेळी तेवढीच. थोडे थोडे चार वेळा काढले की चार वेळा भरा, आणि तुमची बँक दर वेळी साधारण शंभर ते दीडशे रुपये अधिक जीएसटी लावते ते वेगळेच. लिमिट वाढवा आणि एकदाच काढा.

लिमिटचंच अजून एक, दिवस कधी संपतो ते. बहुतेक बँकांचं रोजचं लिमिट भारतातल्या मध्यरात्री नव्याने सुरू होतं, तुम्ही असाल तिथल्या नाही. बँकॉकला म्हणजे पहाटे दीड वाजता. न्यूयॉर्क, न्यूजर्सीकडे उन्हाळ्यात दुपारी अडीचला, थंडीत दीडला. म्हणजे अमेरिकेत काल संध्याकाळी पैसे काढले आणि आज सकाळी परत गेलात तर तारीख बदललेली असते पण बँकेच्या हिशोबात दिवस तोच. दुपारी जा.

दुकानात कार्ड नाकारलं गेलं तर स्लिप मागून घ्या, त्यावर कधीकधी दोन आकडी कोड छापलेला असतो, आणि तो जगभर साधारण सारखाच. ५१ म्हणजे शिल्लक कमी. ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली. ५५ पिन चुकला, ७५ पिन इतक्यांदा चुकला की लॉक झाला. ५७ म्हणजे हा प्रकार तुमच्या कार्डावर चालू नाही, इंटरनॅशनलचं बटण बघा. ६१ लिमिट ओलांडलं, ६५ एका दिवसात फार वेळा वापरलं. ९१ म्हणजे तुमच्या बँकेचं सर्व्हर उत्तर देत नाहीये, तासाभराने परत करा. ०५ सगळ्यात वैतागवाणा, त्याचा अर्थ बँकेने नाही म्हटलं पण कारण सांगितलं नाही. बहुतेक वेळा फ्रॉडवाल्या सिस्टिमने अडवलेलं असतं, सकाळी नाशिकला दूध घेतलं आणि रात्री दोहाला बूट, तिला संशय येणारच. यावर उपाय फोन करणं हाच.

फोनचं पण ऐका. कार्डामागचा १८०० वाला टोल फ्री नंबर परदेशातून सहसा लागत नाही. +९१ ने सुरू होणारा वेगळा नंबर असतो, बँकेच्या साइटवर असतो, तो निघण्याआधी काढून एका कागदावर लिहा. कागदावर म्हणतोय, कारण फोनच हरवला तर फोनमधला नंबर कुठून बघणार?

पिनचं प्रकरण

क्रेडिट कार्डाचा पिन आपल्याकडे पुष्कळांना माहीतच नसतो, कारण इथे टॅप किंवा ओटीपीवर काम भागतं. युरोपात स्टेशनवरचं तिकीट मशीन, टोल नाका, माणूस नसलेला पेट्रोल पंप, इथे पिन मागतात आणि ओटीपी वगैरे काही येत नाही. निघायच्या आधी पिन सेट करा आणि भारतातच एखाद्या दुकानात कार्ड आत घालून, टॅप न करता, पिन टाकून एकदा वापरा. नवीन कार्डाला तर हे हवंच, काही बँकांची कार्डं पहिल्यांदा भारतातल्या एटीएमवर पिन बनवल्याशिवाय जागीच होत नाहीत, आणि ते तुम्हाला व्हिएन्नात कळून काय करणार.

काही देशांत पिनसाठी सहा रकाने दिसतात आणि आपला पिन चार आकडी. चारच टाका आणि हिरवं बटण दाबा, बहुतेक मशीन घेतात.

क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे काढू नका, अगदी गळ्याशी आल्याशिवाय नाही. रोख काढायची फी वेगळी आणि व्याज पहिल्या दिवसापासून, त्याला बिलाच्या तारखेपर्यंतची सवलत नसते. एटीएमसाठी डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड (आधीच परदेशी चलन भरून नेतात ते), दुकानासाठी आणि हॉटेलसाठी क्रेडिट कार्ड, एवढी वाटणी केली की पुरे.

मेसेजच नाही, मशीन मात्र नाही म्हणतंय

आधी कार्ड हातात घेऊन त्यावर काय छापलंय ते दोन्ही बाजूंनी बघा. सरकारी बँकेचं साधं रुपे कार्ड असेल, विशेषतः पेन्शनच्या किंवा जुन्या बचत खात्याचं, तर ते बऱ्याचदा भारतापुरतंच असतं. परदेशात चालणाऱ्या रुपे कार्डावर डिस्कव्हर, डायनर्स क्लब किंवा जेसीबीचं चिन्ह असतं आणि ते ज्या मशीनवर तेच चिन्ह आहे तिथे चालतं. चिन्ह नाही, वर "फक्त भारतात वैध" असं छापलंय, तर ॲपमधलं कुठलंही बटण दाबून ते चालणार नाही. निघायच्या महिनाभर आधी बँकेत जाऊन इंटरनॅशनल कार्ड मागा. ज्येष्ठ मंडळी मुलाकडे चालली असतील तर हे तुम्हीच बघा, त्यांना ब्रँचमध्ये कुणी आपणहून सांगत नाही.

कार्ड बरोबर असेल तर मशीन बदला, आणि बदलताना बँकेच्या ब्रँचला चिकटून असलेलं शोधा, तेही ब्रँच उघडी असताना. फायदा असा की कार्ड आत अडकलं तर समोर माणूस असतो. जपानमध्ये मात्र बँकेपेक्षा सेव्हन-इलेव्हन दुकानातलं सेव्हन बँकेचं एटीएम नाहीतर पोस्टातलं जपान पोस्ट बँकेचं बघा, ही दोन्ही परदेशी कार्ड घेतात, तिथल्या बाकी कित्येक बँकांची मशीन घेतच नाहीत. आणि जपानमध्ये रोख लागतेच, सुइकासारखं रेल्वेचं कार्ड स्टेशनच्या मशीनवर भरायचं तरी नोटा लागतात.

स्क्रीनवर सेव्हिंग्ज, करंट किंवा चेकिंग, क्रेडिट असं विचारलं तर डेबिट कार्डाला सेव्हिंग्ज निवडा, नाही झालं तर चेकिंग निवडून बघा. विचित्र वाटेल पण त्याने काम झालेलं आहे. रक्कमही कमी करून बघा, कारण मशीनचं स्वतःचं लिमिट वेगळं असतं, व्हिएतनाममध्ये तर पुष्कळ मशीन एका वेळी २० ते ३० लाख डाँगच देतात. आकडा ऐकून दचकू नका, काही हजार रुपयेच होतात ते.

जर्मनीत छोट्या दुकानात, बेकरीत कार्ड नाकारलं तर त्यात तुमचा किंवा बँकेचा काही संबंध नसतो, तिथे कित्येक जण फक्त जिरोकार्ड, म्हणजे तिथलं स्थानिक डेबिट कार्ड घेतात, बोलताना ते ईसी कार्ड म्हणतात. रोख द्या आणि पुढे चला. अमेरिकेत पेट्रोल पंपावर मशीन झिप कोड मागतं आणि आपल्या पिनकोडला नाही म्हणतं. आत काउंटरवर जा, पंपाचा नंबर सांगा, "वीस डॉलरचं" म्हणा, तिथे तेच कार्ड चालतं. मुलाची गाडी घेऊन एकटे निघालेल्या बाबांना हे आधी सांगून ठेवा म्हणजे पंपावर पाचावर धारण बसणार नाही.

रुपयांत दाखवतंय, घेऊ का?

नका घेऊ. एटीएम किंवा दुकानातलं मशीन मोठ्या प्रेमाने विचारतं की तुमचं कार्ड भारतीय दिसतंय, रुपयांत पैसे कापू का, आणि खाली पक्का आकडाही दाखवतं. तो रेट तिथल्या मशीनवाल्याने ठरवलेला असतो, त्यात त्याचा मलिदा घातलेला असतो, वर रुपयांत कापले म्हणून आपल्या इथल्या कित्येक बँका वेगळा चार्ज लावतात ते निराळंच. कायम तिथल्या चलनात. बाथ, युरो, येन, जे असेल ते.

लोक अडकतात ते पुढच्या स्क्रीनवर. दोन बटणं असतात, एक कन्व्हर्जन स्वीकारा, दुसरं कन्व्हर्जन नाकारा. नाकारा दाबलं तर व्यवहारच रद्द होईल अशी भीती वाटते, आणि बटणं मुद्दाम तशीच केलेली असतात, स्वीकारा हिरवं आणि मोठं, नाकारा लाल आणि कोपऱ्यात. बिनधास्त नाकारा दाबा, पैसे येतात, फक्त रेट तुमच्या कार्डाच्या नेटवर्कचा लागतो. तुमच्या बँकेचा मार्कअप, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे जवळपास ४.१३ टक्के, तो लागतोच. दुकानात वेटर किंवा कॅशियर तुम्हाला न विचारता रुपये निवडून मोकळा होतो, तेव्हा पिन टाकण्याआधी मशीनवरचं चलन वाचा आणि रुपये दिसले तर रद्द करून परत करायला सांगा. भीड बाळगू नका.

एक लक्षात असू द्या, थायलंड, इंडोनेशियात बरीच मशीन आधी नोटा देतात आणि कार्ड नंतर. नोटा मोजत वळलं की कार्ड आत, आणि काही वेळाने मशीन ते गिळून टाकतं.

ॲपच उघडत नाहीये, ओटीपी येत नाहीये

हे सगळ्यात त्रासाचं, कारण वर सांगितलेले निम्मे उपाय ॲपमधूनच करायचे असतात. होतं काय, विमानतळावर लोकल सिम घेतात, भारतातलं सिम काढून पाकिटात ठेवतात, आणि बँकेचं ॲप म्हणतं की रजिस्टर केलेलं सिम फोनमध्ये नाही. बऱ्याच बँकांची ॲप सिमला बांधलेली असतात. उपाय साधा आहे, भारतातलं सिम फोनमध्येच राहू द्या, निघण्याआधी ऑपरेटरकडून इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या, फोनमध्ये डेटा रोमिंग मात्र बंद ठेवा, आणि इंटरनेटसाठी ई-सिम घ्या नाहीतर वायफाय वापरा. परदेशात येणाऱ्या एसएमएसला ऑपरेटर काय लावतो तेही तेव्हाच विचारा. सिम ऑलरेडी काढलंय? परत घाला, फोन बंद-चालू करा, नेटवर्क आपोआप धरत नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन हाताने निवडा. ॲपने नव्याने नोंदणी मागितली तर मात्र थांबा, त्याला भारतातल्या सिमवरून एसएमएस जावा लागतो, आधी रोमिंग खरंच चालू आहे का बघा. तोवर ब्राउझरमधून नेटबँकिंग उघडतं का ते बघा, काही बँका ओटीपी ईमेलवरही देतात.

फॉरेक्स कार्डाचे वेगळे नखरे

फॉरेक्स कार्डात पैसे आहेत आणि तरी स्लिपवर शिल्लक कमीचा कोड ५१ येतोय, तर बहुधा पैसे भलत्या चलनाच्या कप्प्यात आहेत. युरोप टूरला जाणारे सगळे युरो भरतात आणि स्वित्झर्लंडला जाऊन फ्रँकमध्ये पैसे देतात. काही कार्डं आपोआप युरोतून घेतात आणि वर चार्ज लावतात, काही सरळ नाही म्हणतात. ॲपमधून थोडे युरो फ्रँकमध्ये फिरवा. दुसरं म्हणजे हॉटेल आणि भाड्याची गाडी. ते डिपॉझिट म्हणून रक्कम अडकवून ठेवतात, ती कार्डातून गेलेली नसते पण वापरताही येत नाही, आणि मोकळी व्हायला कित्येकदा आठवडा किंवा जास्त लागतो. तिथे क्रेडिट कार्डच द्या. नेपाळ, भूतानला फॉरेक्स कार्ड चालतच नाही, तिकडे ते नेऊच नका.

आणि थोडी रोख बरोबर असू द्या हो. नियमाप्रमाणे बहुतेक देशांना जाताना ३,००० डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात, एवढ्या न्यायची गरज नाही, पण पहिल्या दिवसाचं जेवण, टॅक्सी आणि एक रात्र भागेल एवढ्या हव्यात. दोन कार्डं, दोन वेगळ्या बँकांची, दोन वेगळ्या खिशांत.

खात्यातून पैसे गेले, मशीनने दिलेच नाहीत

भारतात असं झालं तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे बँकेने पाच दिवसांत पैसे परत करायचे असतात आणि उशीर झाला तर रोजचे शंभर रुपये द्यायचे असतात. परदेशातल्या एटीएमला हा नियम लागू नाही, तो फक्त भारतातल्या भारतात झालेल्या व्यवहारांसाठी आहे. त्यामुळे "पाच दिवस वाट बघा" असं कॉल सेंटरवाला म्हणाला तरी वाट बघत बसू नका. तिथल्या तिथे स्क्रीनचा आणि मशीनवरच्या नंबरचा फोटो काढा, बँकेचं नाव, जागा आणि तिथली वेळ लिहून ठेवा, स्लिप आली तर तिचाही फोटो, थर्मल कागदावरची शाई उडते. कधीकधी पैसे दोन-तीन दिवसांत आपोआप परत येतात. नाही आले तर तिथल्या बँकेशी भांडून काही होत नाही, तक्रार आपल्याच बँकेत करायची, लेखी, ईमेलने, डिस्प्युट फॉर्म मागून. मग आपली बँक नेटवर्कमार्फत चार्जबॅक टाकते, म्हणजे पैसे परत मागते, समोरची बँक मशीनचा हिशोब दाखवते, आणि यात आठवडे जातात.

तुम्ही न केलेला व्यवहार दिसला तर गोष्ट वेगळी, तिथे घाई करायची. कार्ड ॲपमधून लगेच बंद करा आणि बँकेला कळवा. चूक तुमची नसेल आणि मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे नुकसान तुमच्या माथी येत नाही, चौथ्या दिवसापासून थोडा भार तुमच्यावर येऊ शकतो. कळवल्याचा तक्रार नंबर घ्या. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा न पटणारं दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या तक्रारींच्या वेबसाइटवर, म्हणजे सीएमएस पोर्टलवर, लोकपालाकडे तक्रार करता येते, तिथे फी नाही, आणि तो तक्रार नंबर तिथे विचारतात.